पावसापूर्वीचे सहा आठवडे : विद्यार्थ्यांनी सुटीत करावयाची कमाई

एप्रिल महिन्याच्या अखेरीस परीक्षा आटोपतात, शाळा-महाविद्यालयांचे दरवाजे बंद होतात आणि गावोगावचे विद्यार्थी दप्तर खुंटीला अडकवून मोकळे होतात. ही मोकळीक साधारणपणे जूनच्या मध्यापर्यंत टिकते. विदर्भात ऊन अधिक कडक असल्यामुळे तेथील शाळा आणखी काही दिवस उशिरा उघडतात. याच काळात शेतकऱ्याच्या घरात मात्र पैशाची ओढ सर्वांत अधिक असते. मागील हंगामाचा माल विकून झालेला असतो, बियाणे व खते घ्यावयाची असतात, आणि त्यातच वह्या-पुस्तके, गणवेश, प्रवासाचा पास, वसतिगृहाची अनामत रक्कम व खानावळ यांचा खर्च पुढे उभा राहतो. सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांचे शिक्षण कायद्याने मोफत झाले आहे. त्यापुढच्या शिक्षणात मात्र फीइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक भार या किरकोळ वाटणाऱ्या खर्चांचा असतो. बियाण्याची पिशवी आणि मुलीचे महाविद्यालय यांतून एकाची निवड करण्याची वेळ आली, तर पुष्कळ घरांत पिशवी आधी येते आणि मुलगी घरी राहते. यात कोणाचा कठोरपणा नसतो. जून महिन्यात घरात पैसाच तेवढा असतो.

यास्तव सुटीतील कमाईचा विचार हा केवळ हातखर्चाचा विचार नव्हे. विद्यार्थ्याने सुटीत चार पैसे मिळविले, तर पुढील वर्षाचे शिक्षण चालू राहील की नाही, याचा निकाल त्यावर लागू शकतो.

श्रम करून शिकण्याची परंपरा महाराष्ट्राला नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली सातारा येथे वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आपल्या शिक्षणासाठी स्वतः राबत. ‘कमवा व शिका’ हा त्या कार्याचा पाया होता. त्याच नावाच्या योजना पुढे विद्यापीठांतूनही चालू झाल्या. त्या योजनांचा लाभ महाविद्यालय उघडे असताना मिळतो. सुटीत विद्यार्थी गावी परतला म्हणजे त्याने काय करावे, हा प्रश्न उरतोच.

कामाची कसोटी

सुटीत काम शोधू लागलेला विद्यार्थी बहुधा शहराकडे पाहतो. तेथे राहण्या-जेवण्यात मिळकतीचा मोठा वाटा जातो, आणि काम हाती बसेपर्यंत सुटी सरते. गावात मिळणारी रोजंदारीही मे महिन्यात तुटपुंजी असते, कारण शेते रिकामी असतात. परंतु थोडे बारकाईने पाहिले, तर हेच सहा आठवडे गावाच्या दृष्टीने पावसाच्या तयारीचे असतात, असे दिसून येईल. काही गोष्टी पाऊस पडण्यापूर्वी करून घेतल्याच पाहिजेत. पाऊस पडला की त्या करता येत नाहीत, किंवा करून उपयोग नसतो. शेतकऱ्याला त्यांची गरज असते, पण मशागतीच्या घाईत त्याला वेळ नसतो. विद्यार्थ्याजवळ वेळ असतो, मोजता-लिहिता येते, आणि भांडवल नसते. ज्या कामात वेळ व अचूकपणा लागतो आणि भांडवल फारसे लागत नाही, ते काम विद्यार्थ्याचे होय.

काम निवडताना चार प्रश्न विचारावेत. ते सुटीच्या आत पुरे होईल काय? त्याला लागणारा खर्च घरच्यांकडे न मागता भागेल काय? तयार झालेला माल किंवा केलेली सेवा गावात अगर जवळच्या बाजारात कोणी घेईल काय? आणि ते काम विद्यार्थ्याच्या वयाला व प्रकृतीला झेपणारे आहे काय? चारही उत्तरे होकारार्थी असली, तरच कामाला हात घालावा. पुढे दिलेली कामे या कसोटीने निवडली आहेत.

सोयाबीनची उगवण तपासणी

विदर्भ, मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्राच्या सोयाबीन पिकविणाऱ्या गावांत या कामाला पहिले स्थान द्यावे. सोयाबीन हे स्वपरागीकरण होणारे पीक असल्यामुळे प्रमाणित बियाण्यापासून आलेले घरचे बियाणे पुढे दोन-तीन वर्षे वापरता येते. तथापि सोयाबीनचे टरफल अतिशय पातळ असते. मळणी यंत्राचा वेग अधिक राहिला, पोती उंचावरून आदळली, थप्पी सात पोत्यांहून उंच रचली, किंवा काढणीच्या वेळी पीक पावसात सापडले, तर दाणा वरून चांगला दिसतो पण उगवत नाही. २०१९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात अवकाळी पावसाने उभे व कापलेले सोयाबीन भिजले. त्यानंतरच्या, म्हणजे २०२० सालच्या खरिपात राज्याच्या अनेक भागांतून सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या संख्येने आल्या. दुबार पेरणी म्हणजे बियाण्याचा, खताचा व मजुरीचा दुप्पट खर्च, आणि हातचे गेलेले पहिल्या पावसाचे दिवस.

हा तोटा टाळण्याचा उपाय सोपा आहे. पेरणीपूर्वी शंभर दाणे उगवून पाहावेत. सर्वांना तो ठाऊक असतो, पण करणारे थोडे. विद्यार्थ्यांनी तो करून द्यावा आणि प्रत्येक नमुन्यामागे ठरलेला लहानसा मोबदला घ्यावा.

तपासणीची रीत अशी आहे. शेतकऱ्याच्या एकाच पोत्यातून नव्हे, तर निरनिराळ्या पोत्यांच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागांतून मूठ-मूठ बियाणे काढून ते एकत्र मिसळावे. त्यातून न निवडता सरसकट शंभर दाणे मोजावेत. चांगले दाणे वेचून घेतले, तर तपासणी खोटी ठरते. गोणपाटाचा तुकडा स्वच्छ धुऊन, ओला करून जमिनीवर पसरावा. त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, दाणे एकमेकांस चिकटणार नाहीत अशा अंतरावर मांडाव्यात. वरून दुसरा ओला तुकडा घालून हलक्या हाताने गुंडाळी करावी, दोऱ्याने सैल बांधावी व तीवर शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावावी. गुंडाळ्या सावलीत ठेवून त्यांवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे. गोणपाट ओलसर राहावे, पण त्यातून पाणी निथळता कामा नये. सहाव्या-सातव्या दिवशी गुंडाळी उलगडून मूळ व कोंब दोन्ही निरोगी असलेले दाणे मोजावेत. कुजलेले, बुरशी आलेले व वेडेवाकडे अंकुर मोजणीत धरू नयेत.

शंभरात सत्तर किंवा अधिक दाणे उगवले, तर एकरी ३० किलो हे नेहमीचे प्रमाण वापरावे. उगवण सत्तरांहून कमी आणि साठांपर्यंत असेल, तर बियाणे त्या प्रमाणात वाढवावे. हिशेब सोपा आहे. ३० ला ७० ने गुणून येणाऱ्या २१०० या संख्येला उगवलेल्या दाण्यांच्या संख्येने भागावे. उगवण ६६ आली, तर एकरी सुमारे ३२ किलो, आणि ६० आली, तर ३५ किलो बियाणे लागेल. साठांहून कमी उगवण असलेले सोयाबीन पेरू नये, ते बाजारात धान्य म्हणून विकावे. चिठ्ठीवर नमुना घेतल्याची तारीख, वाणाचे नाव, उगवलेल्या दाण्यांची संख्या व एकरी लागणारे बियाणे एवढे लिहावे. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच करावी आणि बी ३ ते ४ सेंटिमीटरहून खोल टाकू नये, या दोन सूचनाही तीवर असाव्यात.

समजा, एखाद्या गावात सोयाबीनचे दीडशे शेतकरी आहेत. चार विद्यार्थ्यांच्या गटाने आठवड्याला पन्नास नमुने घेतले, तर तीन आठवड्यांत सारे गाव पुरे होते. एका आठवड्यात पाच हजार दाणे, म्हणजे प्रत्येकाकडे साडेबाराशे दाणे येतात. हे काम रोज दोन-तीन तासांचे आहे. उरलेला वेळ अभ्यासाला व घरच्या कामाला राहतो. खर्च म्हणाल तर जुनी गोणपाटे, दोरा, वही आणि पाणी एवढाच आहे.

या कामात एकच गोष्ट जपावयाची आहे, आणि ती म्हणजे खरेपणा. मोबदला चिठ्ठी दिल्यावर घ्यावा. आकडा चांगला आला म्हणून अधिक नाही आणि वाईट आला म्हणून कमी नाही. स्वतःच्या चुलत्याच्या बियाण्याला ५४ आले, तर चिठ्ठीवर ५४ च लिहावे. चुलता चार दिवस रुसेल, पण त्याचा हंगाम वाचेल. मनाजोगता आकडा लिहून दिला, तर जुलैमध्ये ओसाड राहिलेले शेत साऱ्या गावाला दिसेल आणि त्या विद्यार्थ्याकडे पुन्हा कोणी नमुना देणार नाही. शंका आली, तर नमुना पुन्हा लावावा. ही चिठ्ठी शेतकऱ्याच्या स्वतःच्या पेरणीपुरती आहे, हेही स्पष्ट सांगावे. ती प्रयोगशाळेचा दाखला नव्हे. ज्यांना अधिकृत तपासणी हवी असेल, त्यांनी पुणे, परभणी किंवा नागपूर येथील शासकीय बीज परीक्षण प्रयोगशाळेकडे नमुना पाठवावा.

कोकणातील कोकम

रत्नागिरी, सिंधुदुर्ग व रायगड या जिल्ह्यांत कोकमाची फळे एप्रिल-मे महिन्यांत पिकू लागतात. परंतु पुष्कळशी फळे पावसाच्या तोंडावर तयार होतात आणि पहिल्या सरी आल्या की झाडाखाली सडून जातात. आमसुलाला कडक ऊन लागते, म्हणून एकेका दिवसाला मोल असते. घरच्या मोठ्या माणसांचे हात त्या वेळी आंब्यात गुंतलेले असतात. अशा वेळी विद्यार्थी कोकमाकडे वळले, तर जे फळ फुकट जाणार असते त्याचाच पैसा होतो.

पूर्ण पिकलेली, गडद लाल फळे घ्यावीत. ती स्वच्छ धुऊन, कापून साल वेगळी करावी. आतील गर व बिया यांत मीठ घालून रस सुटू द्यावा व तो गाळून घ्यावा. साली या रसात बुडवून उन्हात वाळवाव्यात, दुसऱ्या दिवशी पुन्हा रसात बुडवून पुन्हा वाळवाव्यात. अशी पाच ते सात पुटे दिली म्हणजे आमसुलाला रंग व आंबटपणा नीट येतो. मिठाचे प्रमाण घरातील जाणत्या बाईला विचारून ठरवावे. रस आंबट असल्यामुळे लोखंडाची, तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची भांडी वापरू नयेत. काचेची, चिनी मातीची किंवा स्टेनलेस स्टीलची भांडी वापरावीत. वाळवण रात्री उघड्यावर ठेवू नये. आमसूल कोरडे झाल्यावर हवाबंद डब्यात किंवा जाड पिशवीत भरावे.

बियाही टाकू नयेत. त्या धुऊन, वाळवून ठेवल्यास कोकमतेल, म्हणजे मुठेल, काढणाऱ्यांकडून त्यांना मागणी असते. पहिल्या दिवशी किती किलो फळांपासून शेवटी किती आमसूल व किती बी मिळाले, याचे वजन विद्यार्थ्याने स्वतः करून वहीत लिहावे. पुढचा भाव ठरविताना दुसऱ्याच्या सांगण्यापेक्षा हे आकडे अधिक उपयोगी पडतात.

दोन गोष्टी विसरू नयेत. कोकमाचे झाड उंच वाढते व त्याच्या फांद्या नाजूक असतात. विद्यार्थ्यांनी झाडावर चढू नये. फळे आकडीने पाडून खाली धरलेल्या कापडात झेलावीत. दुसरे असे की, खाण्याचा पदार्थ विकण्यासाठी २००६ सालच्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे लहान उत्पादकालाही नोंदणी करावी लागते. गावातील ज्या महिला बचत गटाने अशी नोंदणी केलेली असेल, त्या गटाला आमसूल पुरविणे विद्यार्थ्यांना सोयीचे पडेल.

रोपे व आंब्याच्या कोयी

ज्या गावात विहिरीला उन्हाळ्यात थोडेफार पाणी टिकते, तेथे भाजीपाल्याची रोपे करणे किफायतशीर ठरते. मेच्या मध्यास टाकलेले टोमॅटोचे बी चार ते पाच आठवड्यांत, आणि मिरची व वांगी यांचे बी पाच ते सहा आठवड्यांत लावणीयोग्य रोप देते. म्हणजे पाऊस स्थिरावतो त्याच सुमारास रोपे तयार होतात.

तीन मीटर लांब, एक मीटर रुंद व सुमारे १५ सेंटिमीटर उंच असे गादीवाफे करावेत. त्यांत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. दहा सेंटिमीटर अंतरावर रुंदीच्या बाजूस समांतर ओळी आखून बी पातळ पेरावे, मातीने हलके झाकावे व उगवेपर्यंत वर गवताचे आच्छादन ठेवावे. मिरची व टोमॅटो यांवरील पर्णगुच्छ व चुरडामुरडा यांसारखे विषाणू-रोग पांढऱ्या माशीसारख्या रसशोषक किडींमार्फत पसरतात. म्हणून वाफ्यांवर बारीक छिद्रांची नायलॉन जाळी लावणे हितावह असते. लावणीच्या अगोदर काही दिवस पाणी कमी करून रोपे काटक करावीत.

या कामात नुकसान बहुधा रोपे बिघडल्यामुळे होत नाही, तर खपत नाहीत म्हणून होते. बी टाकण्यापूर्वी घरोघर जाऊन कोणाला कोणत्या वाणाची किती रोपे हवीत, हे लिहून घ्यावे व शक्य तर काही रक्कम आगाऊ घ्यावी. मागणीपेक्षा थोडीच अधिक रोपे तयार करावीत. शाळा उघडल्यावर रोपांना पाणी कोण घालील, हेही आधीच ठरवून ठेवावे.

फळझाडांच्या रोपांबाबत मात्र सावधगिरी हवी. महाराष्ट्रात फळरोपवाटिका व फळरोपांची विक्री यांचे नियमन करणारा कायदा १९६९ सालापासून आहे आणि परवान्यावाचून फळझाडांची कलमे-रोपे विकता येत नाहीत. त्यामुळे विद्यार्थ्यांनी स्वतंत्र धंदा न मांडता परवानाधारक रोपवाटिकेला जोडून घ्यावे. रोजगार हमी योजनेशी सांगड घातलेली फळबाग लागवडीची योजना १९९० साली सुरू झाल्यावर कोकणात कलमांची मागणी फार वाढली व रोपवाटिकाही वाढल्या. त्यांना मे महिन्यात लागतात त्या आंब्याच्या ताज्या कोयी. कोयीची उगवणशक्ती लवकर नाहीशी होते. म्हणून खाणावळी, लग्नघरे व रस काढणारे यांच्याकडून कोयी रोजच्या रोज गोळा करून, धुऊन, किडक्या व हलक्या कोयी काढून टाकून त्याच आठवड्यात पोचत्या कराव्यात.

कोय कलमाचे काम पावसाळी हवेत, जून ते ऑगस्टपर्यंत चालते. कोवळी, तांबूस पानांची सुमारे पंधरा दिवसांची रोपे घेऊन ती खोडावर कापतात, त्यांत उभी चीर देतात, आणि तेवढ्याच जाडीची मातृवृक्षावरील काडी पाचरीसारखी तासून चिरेत बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. सुटीत शिकण्यास आरंभ केलेला महाविद्यालयीन विद्यार्थी पुढे रविवारी व सुटीच्या दिवशी हे काम करू शकतो. हात बसला की हे कौशल्य जन्मभराचे होते.

निंबोळी

कोठल्याही गावात भांडवलावाचून होण्याजोगे काम म्हणजे निंबोळ्या गोळा करणे. जून महिन्यात कडुनिंबाखाली पिकलेल्या निंबोळ्यांचा सडा पडतो आणि तो पायदळी जातो. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात कापूस, तूर व भाजीपाला यांवर फवारण्यासाठी शेतकरी निंबोळी शोधतो, तेव्हा ती मिळत नाही.

पिवळ्या पडलेल्या निंबोळ्या रोज सकाळी गोळा कराव्यात, पाण्यात चोळून वरचा गर काढावा, बिया धुऊन सावलीत पातळ पसरून पूर्ण वाळवाव्यात आणि गोणपाटाच्या पिशवीत, हवेशीर जागी ठेवाव्यात. ओलसर बियांना बुरशी येते व त्यांचा कीड-प्रतिबंधक गुण कमी होतो. पाच टक्क्यांचा अर्क करण्यासाठी पाच किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजत घालून, सकाळी फडक्याने गाळून, त्यात साबणाचे पाणी मिसळतात व एकूण द्रावण १०० लिटर करतात. म्हणून पाच-पाच किलोच्या पिशव्या बांधून, त्यांवर ही कृती लिहून ठेवल्यास विक्री सुलभ होते. हा पैसा जूनमध्ये हाती येत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. दिवाळीपूर्वीच्या सत्राच्या खर्चासाठी तो उपयोगी पडतो.

तेंदूपानाच्या प्रदेशात

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत उन्हाळ्याची मोठी कमाई म्हणजे तेंदूपाने तोडणे. ७० पानांचा एक पुडा बांधावयाचा आणि पुड्यांच्या संख्येवर मजुरी घ्यावयाची, अशी येथील पद्धत आहे. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानंतर कित्येक ग्रामसभा तेंदूपानाचा व्यवहार स्वतः करू लागल्या आहेत. तेथे लिहिता-वाचता येणाऱ्या विद्यार्थ्याची गरज जंगलात आहे त्याहून अधिक संकलन केंद्रावर आहे. पुडे मोजणे, वहीत चढविणे व प्रत्येक कुटुंबाला तिचा आकडा वाचून दाखविणे हे काम ग्रामसभेने विद्यार्थ्यांना मोबदला देऊन सांगावे. आईच्या नावावर किती पुडे चढले, हे मुलीने स्वतः वाचून पाहिले, म्हणजे मोजणीत होणारी चूक वेळीच ध्यानात येते. जंगलात जाणे झाल्यास मोठ्या माणसांच्या सोबतीनेच जावे. वाघ, अस्वल व विंचू-साप यांचा धोका खरा आहे, आणि कोणतीही मजुरी जिवापेक्षा मोठी नाही.

वय, कायदा व प्रकृती

विद्यार्थ्यांच्या कामास कायद्याची मर्यादा आहे आणि ती पालकांनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावी. बालकामगारांविषयीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. त्याप्रमाणे चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत, धोक्याचे नसलेल्या घरच्या कामात कुटुंबाला मदत करण्याची मुभा त्यास आहे. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. सबब वर सांगितलेली कामे मुख्यतः दहावीच्या पुढील विद्यार्थ्यांसाठी आहेत, असे समजावे. लहान भावंडांनी घरच्या अंगणात निंबोळ्या वाळविण्यास हात लावला, तर हरकत नाही.

कीटकनाशके व बुरशीनाशके यांची फवारणी किंवा बीजप्रक्रिया विद्यार्थ्यांकडून करवून घेऊ नये. ते काम मोठ्या माणसाने हातमोजे घालून करावे. उन्हाची वेळही सांभाळावी. काम पहाटे सुरू करून अकराच्या आत थांबवावे, दुपारी सावलीत मोजणी-लिखाण करावे, आणि पाणी जवळ ठेवावे. विदर्भातील कडक उन्हात हा नियम मोडू नये. सारी सुटी कामात घालविणेही बरोबर नाही. पुढच्या वर्षाच्या अभ्यासाला आणि विश्रांतीला काही दिवस राखलेच पाहिजेत.

हिशेब व पैशाची मालकी

सुटीच्या कमाईत पुष्कळदा असे घडते की, काम होते, पैसे येतात, आणि जूनमध्ये पाहावे तो ते कोठे गेले हे कळत नाही. यावर वही हाच उपाय आहे. एका बाजूस जमा, दुसऱ्या बाजूस खर्च, आणि शेवटी गटातील प्रत्येकाने घातलेले दिवस लिहावेत. वाटणी दिवसांप्रमाणे करावी. मुलगा व मुलगी यांनी सारखे दिवस घातले असतील, तर वाटणीही सारखीच असावी. उधारी वेगळ्या पानावर लिहून तिची मुदत ठरवावी.

पैसे हाती न ठेवता खात्यात ठेवावेत. दहा वर्षांवरील मुलामुलींना टपाल कार्यालयात स्वतःच्या नावावर बचत खाते उघडून व्यवहार करता येतो, आणि बँकांतही अशी सोय असते. पालकांशी आरंभीच बोलून हा पैसा कशासाठी आहे, ते ठरवून घ्यावे. घरची अडचण असेल तर काही वाटा घरात द्यावा. पण किती, ते आधी ठरावे. मुलीच्या कमाईबाबत हे बोलणे अधिक अगत्याचे आहे, कारण तिचा पैसा घरखर्चात मिसळून जातो आणि मग तिचे शिक्षण पैशाअभावी थांबले, असे सांगितले जाते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे

हे काम विद्यार्थ्यांनी एकट्याने सुरू करणे कठीण आहे. गावपातळीवरील कृषि कर्मचारी, शिक्षक व ग्रामपंचायत यांनी एप्रिलच्या अखेरीस एक बैठक घेतली, तर पुष्कळ अडचणी दूर होतील. त्या बैठकीत गावाला पावसापूर्वी काय हवे आहे, याची यादी करावी. किती घरांत सोयाबीनचे घरचे बियाणे आहे, किती जणांना मिरचीची रोपे हवीत, किती झाडांचे कोकम वाया जाते, ते लिहून काढावे. उगवण तपासणीचे एक प्रात्यक्षिक सर्वांसमोर करून दाखवावे आणि मोबदला गावाच्या संमतीने ठरवावा. पहिल्या दहा चिठ्ठ्या कर्मचाऱ्याने स्वतः पडताळून पाहाव्यात, म्हणजे शेतकऱ्यांचा विश्वास बसेल आणि विद्यार्थ्यांचा हातही सुधारेल. जूनमध्ये सर्व चिठ्ठ्यांचे आकडे एकत्र केल्यास गावातील बियाण्याची खरी स्थिती पेरणीपूर्वीच कळते. एका गावापुरती ही माहिती कार्यालयात बसून मिळणारी नाही.

सुटी संपते, ढग भरून येतात आणि शेतकरी पाभर बाहेर काढतो. त्या दिवशी त्याच्या खिशात एक चिठ्ठी असावी आणि तीवर त्याच्याच गावातील मुलीने मोजलेला आकडा असावा. त्या आकड्यावर भरवसा ठेवून तो बियाणे तोलील. त्याच आठवड्यात ती मुलगी स्वतःच्या पैशाने घेतलेला पास दाखवून महाविद्यालयाच्या गाडीत बसेल. शेत उगवले, तर पुढील मे महिन्यात तिच्याकडे नमुने घेऊन लोक आपण होऊन येतील.